एकाच नावाचे दोन बिल्ड जॉब आणि सगळी पाइपलाइन हिरवी! तुम्ही नावं कशी ठेवता?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. सांगलीत आम्ही चौघं कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. बेदाण्याचे बॉक्स कुणाचे, कुठल्या लॉटचे, कधी आत आले, कधी बाहेर गेले, एवढा हिशोब. गिटलॅबवर (कोड ठेवायची आणि त्यावरची कामं आपोआप चालवायची सेवा) एकच रेपो, म्हणजे कोडचा साठा, त्यातून तीन इमेज (सर्व्हरवर चालवायला तयार बांधलेली पॅकेटं): एपीआय, वेब आणि पावत्या छापणारा वर्कर.

परवा पावतीवरच्या वजनाची एक चूक दुरुस्त करून पुश केलं, म्हणजे बदल गिटलॅबवर चढवला. मग पाइपलाइन, म्हणजे आपोआप चालणाऱ्या जॉबची (कामांची) साखळी, सुरू झाली. इमेज बांधणारं बिल्ड हिरवं, ती सर्व्हरवर चढवणारा डिप्लॉय हिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन: "अहो, पावतीवर अजून तेच येतंय." सर्व्हरवर 'डॉकर इमेजेस' (इमेजची यादी दाखवणारी कमांड) मारलं, तर वर्करची इमेज 19 दिवसांपूर्वीची!

कारण सापडायला संध्याकाळ झाली. पाइपलाइनचे जॉब ज्या यामल फाइलमध्ये लिहितो, तिच्यात वेबचा जॉब नंतर घातला, तेव्हा मी वर्करचा ब्लॉक कॉपी केला. आतला पाथ बदलला, वरचं नाव 'बिल्ड-इमेज' तसंच राहिलं. मग दोनातला एकच जॉब चालत राहिला. डिप्लॉयच्या 'नीड्स'मध्येही (आधी कुठले जॉब व्हायला हवेत ती यादी) तेच नाव होतं, ते सापडत होतं, त्यामुळे लाल काही झालंच नाही. टॅग (इमेजच्या आवृत्तीचं लेबल) सगळीकडे 'लेटेस्ट', म्हणून जुनीच इमेज निमूट चढत होती.

शेतकरी त्या कागदावर विश्वास ठेवून घरी जातो, म्हणून हे मला फार लागलं. नावं, टॅग कसे ठेवता? आणि तेच तेच तीनदा लिहिणं कसं टाळता?

अजिंक्यतारा_रनर
दादा, एकाच फाइलमध्ये नाव दोनदा आलं तर गिटलॅब एकच जॉब घेतो, आणि कुठला घेईल याचा भरवसा नाही. 'इन्क्लूड' केलेल्या (बाहेरून जोडलेल्या) फाइलमध्ये तेच नाव असेल तर दोन्हींची सेटिंग्ज एकत्र होतात. ते शोधणं आणखी अवघड.

नावात इमेज दिसलीच पाहिजे: 'बिल्ड-एपीआय', 'बिल्ड-वेब', 'बिल्ड-वर्कर'. नुसतं 'इमेज' मात्र ठेवू नका, तो राखीव शब्द आहे. सामाईक भाग टिंबाने सुरू होणाऱ्या जॉबमध्ये टाका, '.बिल्ड-साचा' असा. टिंबवाला जॉब स्वतः चालत नाही. बाकीचे तिघे 'एक्स्टेंड्स'ने तो घेतील आणि प्रत्येकात फक्त फोल्डर आणि इमेजचं नाव हे दोन व्हेरिएबल राहतील. कॉपी करायला ब्लॉकच उरत नाही.

आणि यामललिंट (यामल फाइल तपासणारं टूल) पहिल्या स्टेजला लावा. एकच की (ब्लॉकचं नाव) दोनदा आली तर तो तिथेच एरर देतो.

तासगावची_लेक
माझ्या मते खरा घात 'लेटेस्ट'ने केला. घरी बेदाणा आहे म्हणून सांगते, लॉट नंबर नसलेला बॉक्स स्टोरेजवाला आत घेत नाही. इमेजलाही तसाच नंबर हवा. कमिटचा (नोंदवलेल्या प्रत्येक बदलाचा) शॉर्ट शा, म्हणजे ओळख-क्रमांक, आठ अक्षरांचा, गिटलॅब व्हेरिएबलमध्ये आयता देतो. तोच टॅग बिल्डला आणि तोच डिप्लॉयला. वर्कर बिल्ड झालाच नाही तर पुल करताना (इमेज सर्व्हरवर उतरवताना) 'मॅनिफेस्ट अननोन', म्हणजे अशी इमेजच नाही, असं येईल आणि डिप्लॉय पडेल. पडू दे!

एक सांभाळा. 'रूल्स'मध्ये 'चेंजेस' लावून बदललेलीच इमेज बिल्ड करत असाल, तर बाकीच्या दोन इमेजना त्या कमिटचा टॅगच नसणार. तीनच इमेज आहेत ना? मग दर वेळी तिन्ही करा. कॅश (आधीच्या बिल्डचे तयार भाग) रजिस्ट्रीत, म्हणजे इमेज साठवायच्या जागेत ठेवा, आणि डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधायची कृती) पॅकेजची यादी आधी कॉपी करून इन्स्टॉल, कोड त्यानंतर. कोडची एक ओळ बदलली म्हणून सगळे पॅकेज पुन्हा उतरत नाहीत.

कराड_यामल
वरचं सगळं बरोबर. गिटहबवाल्यांसाठी (गिटलॅबसारखीच दुसरी सेवा) एक: ब्रँचला 'रिक्वायर्ड चेक' (पास व्हायलाच हवा असा जॉब) लावला असेल आणि जॉबचं नाव बदललंत, तर पुल रिक्वेस्ट (बदल त्या ब्रँचमध्ये घ्यायची विनंती) जुन्या नावाची वाट बघत अडकते. नाव सेटिंगमध्येही बदला.

विश्रामबागकर
ताई, दादा, मनापासून आभार. साचा केला, शा टॅग लावला. मुद्दाम वर्करचा जॉब काढून पुश केलं, तर 'नीड्स'मधलं 'बिल्ड-वर्कर' सापडत नाही म्हणून पाइपलाइन सुरूच झाली नाही. हेच हवं होतं. यामललिंट आज रात्री बसवतो. उद्या स्टोरेजवर जाऊन चुकीच्या वजनाच्या पावत्या रजिस्टरशी ताडून परत छापायच्या आहेत.