विमानात खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी? खान्देशकरांनो, अनुभव सांगा

जळगावहून पुणे-मुंबई-गोव्याची विमानं सुटू लागल्यापासून घरोघरी पहिल्यांदा विमानात बसणारी माणसं निघताहेत. त्यांना खिडकी मिळावी आणि खिडकीतून काहीतरी दिसावंही, म्हणून हा धागा. ‘ए’ म्हणजे डावी खिडकी, ‘एफ’ म्हणजे उजवी. आता तुम्ही लिहा.

भुसावळ : जळगावची विमानं एटीआर, पंख्यांची. पंख डोक्यावर असतात, त्यामुळे खालचं काही झाकलं जात नाही. तरी पुढच्या काही रांगांत इंजिन आडवं येतं आणि आवाजही फार. मी मागची रांग घेते. चढायचं दारही मागेच असतं. मुलगा मात्र मधल्या खिडकीसाठी हटून बसतो. उतरायच्या आधी पोटाजवळून चाक बाहेर येतं, धावपट्टीला टेकताच धुराचा लोट उडतो, ते तिथून स्पष्ट दिसतं.

रावेर : पुण्याहून येताना आईला डावी खिडकी दिली. पोळा नुकताच झालेला. केळीचा गडद पट्टा, कपाशीचा फिका, मध्येच उघडी काळी जमीन, बांध अगदी रेघ मारल्यासारखे. आई काचेला नाक लावून म्हणाली, “आपला खान्देस इतला हिरवा शे?” जन्मभर शेतात राबलेल्या बाईने आपला मुलूख वरून पाहिला. प्रत्येकाने आईवडिलांना एकदा तरी हे दाखवावंच. अजिंठ्याचे डोंगर हवे असतील तर येताना उजवीकडे बसा.

धुळे : दिल्लीहून बागडोगऱ्याला जाताना डावी, परतताना उजवी. हिमालय उत्तरेला आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. हवा स्वच्छ असली तर कांचनगंगा दिसते, ८,५८६ मीटर! खालच्या ढगांच्या कितीतरी वर. ऊनही दक्षिणेकडून येतं, त्यामुळे या बाजूला डोळे दिपत नाहीत. खिडकीचे जादा पैसे लागतात, पण या प्रवासात ते द्याच.

चाळीसगाव : मोठ्या विमानात पंख खाली असतो. मधल्या रांगांत खिडकी मिळूनही पंखच बघावा लागतो. काही विमानांत तर एखाद्या खिडकीच्या सीटशेजारी खिडकीच नसते, नुसती भिंत! वडिलांच्या वाट्याला तीच आली. जादा पैसे घेतले, आधी सांगितलं मात्र नाही. फार वाईट वाटलं. पैसे भरण्याआधी सीटचा नकाशा नीट बघा.

नंदुरबार : मुंबई-गोवा जाताना समुद्र उजवीकडे, सह्याद्री डावीकडे.

अमळनेर : सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसा. खाली ढग असले तर त्यांच्यावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं गोल कडं उमटतं. पावसाळ्यात हमखास शोधते मी.

यावल : मे महिन्यात दुपारचं विमान टाळा. हवा धुरकट, सातपुडा पुसट, वर तापलेल्या हवेने विमान हलतं. पाऊस उघडल्यावर सकाळचं घ्या. पुण्याला मी सकाळी उजवीकडे बसतो, ऊन तोंडावर येत नाही. उड्डाण पूर्वेला की पश्चिमेला, ते वाऱ्यावर ठरतं, त्यामुळे सुरुवातीला तापी कुठल्या बाजूला येईल ते आधी सांगता येत नाही.