हरकत नोंदवून घेणे म्हणजे तिला उत्तर देणे नव्हे

वाशिष्ठी :

परवा येथे ‘जनसुनावणी हा निव्वळ वेळकाढूपणा’ असे एक लेखन आले. मोठ्या प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी गावात होणाऱ्या या सुनावणीला येणाऱ्या बहुतेकांनी प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल वाचलेला नसतो, तेच ते छापील आक्षेप हजारोंनी येतात, तेव्हा हरकती मागवण्याची पद्धतच मोडीत काढावी आणि निर्णय तज्ज्ञांच्या समितीवर सोपवावा, असे त्याचे म्हणणे होते. चार ओळींच्या प्रतिसादाने माझे समाधान होईना, म्हणून सविस्तर लिहिते.

अहवाल वाचलेला नसतो हे खरे आहे. पण तो वाचला जावा अशी सोय कोणी केली आहे? १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार सुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि स्थानिक भाषेत मिळतो तो केवळ सारांश. शेकडो पानांचा मूळ इंग्रजी अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात ठेवलेला असतो. तिथे जायचे म्हणजे खाडीपलीकडच्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते.

अशाच एका सुनावणीला मी हजर होते. कालवे (खडकांना चिकटलेले शिंपले) काढून घर चालवणारी एक बाई बोलायला उठली. ओहोटीला कोणते खडक उघडे पडतात, कालवे कुठे धरतात, मुळे (वाळूतले शिंपले) कोणत्या पुळणीत मिळतात, हे तिने सांगितले, आणि खोदाईचा गाळ टाकण्याची जागा नकाशावर नेमकी त्याच खडकांच्या वरच्या अंगाला दाखवली आहे, भरतीचे पाणी तो गाळ इथेच आणून बसवणार, असे बोट दाखवून विचारले. इतिवृत्तात त्याचे झाले ते असे : ‘एका महिलेने मासेमारीवर परिणाम होण्याची भीती व्यक्त केली.’ शेजारच्या रकान्यात कंपनीचे उत्तर : ‘पर्यावरण व्यवस्थापन आराखड्याची काटेकोर अंमलबजावणी करण्यात येईल.’ तिने भीती व्यक्त केली नव्हती, तिने गाळाच्या जागेविषयी तांत्रिक प्रश्न विचारला होता, आणि तो समितीतल्या कोणालाही घरबसल्या सुचला नसता.

माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक वेगळ्या मुद्द्याला कारणांसह उत्तर मिळावे आणि ते निर्णयाआधी गावात वाचून दाखवले जावे. ही मागणी हवेतली नाही. गोव्यातील खाणपट्ट्यासंबंधीच्या उत्कर्ष मंडळ प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितले आहे की सुनावणीतील आक्षेपांचा विचार झाला आणि ते का फेटाळले, हे तज्ज्ञ समितीच्या कामकाजातून दिसले पाहिजे.

जुना अभियंता :

ज्या लेखनावर हा राग निघाला आहे ते माझे. मी पाण्याच्या योजनांवर आयुष्य काढले आहे, आणि त्यातली एक योजना केवळ हरकतींच्या फेऱ्यांत अडकलेली पाहिली आहे. एकाच हस्ताक्षरातला मजकूर, खाली वेगवेगळे अंगठे, आणि बहुतेकांना आपण कशावर अंगठा दिला हेही ठाऊक नाही. फाईल वर-खाली फिरत राहिली, आणि तोवर त्या वाडीतल्या बायका टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना कोणत्या सुनावणीत बोलावले गेले? टँकरची वाट पाहणाऱ्यांची बाजू इतिवृत्तात कधीच येत नाही, कारण रांगेतली बाई मंडपात येऊ शकत नाही.

प्रत्येक हरकतीला सकारण उत्तर द्या, असे म्हणणे सोपे आहे. ही ईआयए अधिसूचना बदलण्यासाठी २०२० मध्ये आलेल्या मसुद्यावर लाखो पत्रे आली आणि त्यांतली कित्येक तयार नमुन्यावर एक कळ दाबून पाठवलेली होती. त्या प्रत्येकाला उत्तर लिहीत बसायचे ठरले तर शासनाने दुसरे काही करूच नये. कालवे काढणाऱ्या बाईंचा मुद्दा चांगला होता हे मान्य. पण एका चांगल्या मुद्द्यासाठी शंभर निरर्थक भाषणे ऐकण्याची किंमत कोण मोजते, हेही लिहा.

सडेकरी :

तुम्ही दोघेही एकाच भ्रमात आहात, असे मला मनापासून वाटते. शासनाला ऐकायचे असते, असे तुम्ही दोघेही धरून चालला आहात. पश्चिम घाटाचे पाहा. या घाटाच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. संवेदनशील क्षेत्राच्या सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात असा तिचा आग्रह होता. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली आणि मार्च २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे निघू लागले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा. प्रत्येक वेळी हरकतींसाठी ६० दिवस, तेही या वेळी ऐन पावसाळ्यात, माणसे शेतात असताना. महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर त्यात आहे, आणि दहा वर्षांत गावाला एका ओळीचे उत्तर आलेले नाही. खाणवालाही अस्वस्थ, शेतकरीही अस्वस्थ, आणि डोंगर कापण्याचे काम मात्र चालूच.

आता दुसरी बाजू. पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला, तेव्हा कोणाला विचारले होते? जूनमध्ये शब्द बदलून दुसरा निर्णय आला. मोर्चाची तारीख जाहीर झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. नरेंद्र जाधव समिती नेमून लोकमत अजमावणे सुरू झाले ते त्यानंतर. लोक रस्त्यावर येण्याची चिन्हे दिसल्यावरच शासनाला सल्ल्याची आठवण होते. म्हणून आमच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) सुनावणी लागली तेव्हा आम्ही बहिष्कार टाकला, आणि मला त्याची खंत नाही.

वाशिष्ठी :

सडेकरी, हिंदीच्या बाबतीत तुमचे म्हणणे मी पूर्ण मान्य करते. मात्र बहिष्काराने तुम्ही स्वतःचेच नुकसान केले. २००६ च्या ईआयए अधिसूचनेच्या परिशिष्टात लिहिले आहे की सुनावणी सुरू करण्यासाठी गणसंख्येची अट नाही. मंडपात दोनच माणसे असली तरी ती सुनावणी वैध, आणि मग कागदावर तुमच्या गावाची एकही हरकत उरत नाही. पुढे न्यायालयात जाल तेव्हा पहिला प्रश्न येईल की तुम्ही त्या वेळी काय मांडले होते.

अभियंतासाहेब, त्या बायकांना सुनावणीत कोणी बोलावले नाही, हा तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. रांगेतली बाई येऊ शकेल अशा वेळी आणि अशा जागी सुनावणी घ्या. आणि २०२० च्या मसुद्याचे म्हणाल तर तो टाळेबंदीत, केवळ इंग्रजी आणि हिंदीत आला होता. दिल्ली उच्च न्यायालयाला मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत भाषांतर करण्याचा आदेश द्यावा लागला. सुनावणीच्या सूचनेचा काळ ३० वरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव त्यात होता. तो मसुदा अजून अंतिम झालेला नाही. नमुना-पत्रांचा काहीच उपयोग होत नाही, असे मग कसे म्हणता येईल?

चाकरमानी :

सुनावणीत बोलायचा अधिकार कोणाला, हे आधी ठरवा. माझे नाव सातबाऱ्यावर आहे, घर आहे, देवघरात दिवा लागतो. नोकरीसाठी मुंबईत राहतो एवढाच माझा गुन्हा. गावातल्या सुनावणीत मी उठलो तर माईक हातातून काढून घेतला गेला आणि ‘तुम्ही गणपतीला येणारे, तुम्ही काय बोलता’ असे ऐकवले गेले. माझ्या आजोबांनी लावलेली कलमे प्रकल्पाच्या हद्दीत जात असताना मी परका कसा ठरतो?

सडेकरी :

परके का म्हणतात ते सांगतो, कारण मी ते जवळून पाहिले आहे. आमच्या सड्यावर प्रकल्पाची अधिकृत घोषणा होण्याआधीच जमिनींचे व्यवहार झाले होते. मुंबईतल्या सहहिस्सेदारांनी मुखत्यारपत्रे दिली आणि गावात राहणाऱ्या भावाला ते तलाठ्याकडे फेरफार पाहिल्यावर कळले. पैसे शहरात गेले, धूर आणि सुरुंग गावाच्या वाट्याला आले. त्यानंतर तेच लोक सुनावणीत उठून विकासाच्या बाजूने बोलणार असतील तर माईक काढून घेणाऱ्याचा राग मला समजतो.

चाकरमानी :

हा सरळसरळ आरोप आहे आणि तो मी सहन करणार नाही. मी एक गुंठाही विकलेला नाही. काही घरांनी विकले म्हणून शहरात राहणारा प्रत्येक माणूस दलाल ठरत नाही. आमच्याच मनीऑर्डरींवर या गावांतल्या चुली पेटल्या, देवळांचे जीर्णोद्धार झाले, शाळांना पत्रे बसले. पैसा पाठवावा आणि तोंड बंद ठेवावे, ही कोणती रीत? आणि गावात राहणारे सगळे निःस्वार्थी असतात काय? ठेकेदारीची आश्वासने घेऊन पहिल्या रांगेत बसलेली गावकरी मंडळी मीही पाहिली आहेत.

जुना अभियंता :

पाहा, मी म्हणत होतो ते हेच. मूळ प्रश्न गाळाचा होता आणि भांडण सहहिस्सेदारांचे सुरू झाले. प्रत्यक्ष सुनावणीतही असेच होते आणि अध्यक्षस्थानी बसलेला अधिकारी घड्याळ पाहत राहतो.

वाशिष्ठी :

हे भांडण विषयाबाहेरचे नाही, साहेब. प्रत्यक्ष सुनावणी स्थानिक बाधितांसाठी आणि इतरांनी लेखी म्हणणे द्यावे, अशी अधिसूचनेची रचना आहे. मात्र २०१० मध्ये समर्थ ट्रस्ट प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रकल्पाच्या जवळ न राहणाऱ्यांनाही सुनावणीत भाग घेण्यास आणि बाजू मांडण्यास मनाई नाही. तेव्हा चाकरमानी यांचा माईक काढून घेणे चुकीचे होते, हे सडेकरींनी मान्य करायला हवे.

पण तुम्ही दोघेही सातबाऱ्याभोवतीच फिरता आहात. मी सांगितलेल्या त्या बाईचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नाही. खडक सरकारचे, खाडी सरकारची, राहते घर दुसऱ्याच्या जागेत. जमीन जात नाही म्हणून ती बाधितांच्या यादीत नाही. गुरे सड्यावर चारणारे, जुन्या कुळांची नावे लागली नाहीत ती घरे, या सर्वांचे सगळे जाते आणि कागदावर काहीच जात नाही. आधी यांना यादीत घ्या; मग मुंबईकर की गावकर हे भांडा.

सडेकरी :

माईक काढून घेणे चूक होते, ठीक आहे, मानतो. मुखत्यारपत्रांविषयी लिहिलेल्यातला एक शब्दही मागे घेत नाही.

अभ्यासगट :

मी गडचिरोलीत काही काळ राहिलो आहे, म्हणून लिहितो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने या प्रश्नाची उकल करून ठेवली आहे. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा माणूस बसतो, माहिती देतो, वाद घालतो; निर्णय मात्र ग्रामसभा घेते आणि तोही सर्वसहमतीने, बहुमताने नाही. एकाचा विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला येतो. वेळ लागतो, पण झालेला निर्णय टिकतो. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला, तो अशा बैठकांच्या जोरावर.

ओडिशातल्या नियामगिरीतही सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला. १२ ग्रामसभा झाल्या, बाराही ठिकाणी बॉक्साइट खाणीला नकार मिळाला, आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. डोंगर हा देव आहे, हे त्या सभांत सांगितले गेले आणि ते नोंदले गेले. सडेकरी, तिथे लोकांनी बहिष्कार टाकला असता तर काय झाले असते?

सडेकरी :

तिथे ग्रामसभेच्या मताला कायद्याचे बळ होते. आमचा सडा वनहक्कात नाही, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातही नाही. आमच्या ग्रामसभेने ठराव केला तर त्याची पोच मिळते, इतकेच. तुम्ही दाखवलेले दोन्ही दाखले जिथे लोकांच्या हाती नकाराधिकार होता तिथले आहेत. ज्यांना नकार देता येत नाही त्यांनी सल्ला द्यायला का जावे, याचे उत्तर तुमच्याकडे नाही.

जुना अभियंता :

सडेकरींचा हा मुद्दा बिनतोड आहे, हे मला नाइलाजाने म्हणावे लागते. तरीही उलटा दाखला देतो, आणि तो माझ्याच भूमिकेला थोडा छेद देतो. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, वारसा वास्तू गाळलेल्या. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने करावा लागला. मंजुरी मिळायला २०१८ उजाडले. मी त्या वेळी उशिराबद्दल चिडलो होतो. पण त्या चुका तज्ज्ञांनीच केल्या होत्या आणि नागरिकांनी आपापली गल्ली तपासून दाखवल्या, हे नाकारता येत नाही.

म्हणून वाशिष्ठीताईंच्या मागणीतले एवढे मान्य करतो : एकाच मजकुराच्या पत्रांचा एक गट करावा, गटाला एक सकारण उत्तर द्यावे, आणि या सगळ्याला ठरावीक मुदत असावी. मुदत संपल्यावर नवी हरकत घेऊ नये. मुदतीशिवाय मी कशालाच तयार नाही.

वाशिष्ठी :

गट करायला माझी हरकत नाही. मात्र गट कसे केले ती यादी गावात आधी वाचली जावी. नाहीतर गाळाच्या जागेचा प्रश्न पुन्हा ‘मासेमारीविषयी भीती’ या गटात जाऊन पडेल. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व (कायदा करण्याआधीच्या) सल्लामसलत धोरणातही मसुदा किमान ३० दिवस खुला ठेवावा आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर ठेवावा असे आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही, म्हणून ते पाळले नाही तरी कोणाचे काही बिघडत नाही. ते कायद्यात आणल्याशिवाय सडेकरींच्या प्रश्नाला माझ्याकडेही पूर्ण उत्तर नाही. तोवर मी सुनावणीला जात राहीन आणि प्रत्येक मुद्दा लेखी देऊन पोच घेईन.

सडेकरी :

या वेळी आम्हीही लेखी देऊ. मंडपाबाहेरचे धरणे मात्र सोडणार नाही.

चाकरमानी :

लेखी द्यायचे असेल तर अहवालाचा सारांश मला पाठवा. आमच्या मंडळात इंग्रजी अहवाल वाचू शकणारी मुले आहेत. गाळाचा नकाशा कोणत्या प्रकरणात आहे तेवढे पान क्रमांकासह कळवा.