मदत हवी आहे: तिसाव्या वर्षी नर्सिंग, बी.एस्सी. की जीएनएम? (पुणे)

नमस्कार. पुण्यात नर्सिंग शिकलेले किंवा शिकवणारे कुणी सिस्टर, ब्रदर इथे असतील तर कृपया वेळ काढून वाचा. थोडं लांबलं आहे, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

माझं वय ३० पूर्ण. बारावी सायन्स २०१३ ला. नंतर पुणे विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलं आणि गेली सात वर्षं कोथरूडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते आहे. मुलगी चार वर्षांची. सासू-सासरे आमच्याजवळच असतात आणि सासूबाई म्हणतात, "तू शीक, पोरीचं मी बघते." मिस्टरही तयार आहेत, फक्त त्यांना आकडे हवेत: किती वर्षं, किती पैसे, पुढे काय.

हे मनात आलं कुठून ते सांगते. मागच्या वर्षी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. अकरा दिवस ते ॲडमिट होते आणि रात्री मी थांबायचे. तिसऱ्या रात्री नाइटच्या सिस्टरनी बाबांना कुशीवर वळवलं आणि टाचेवर टॉर्च मारला. रुपयाएवढा लाल डाग होता. त्यांनी तो अंगठ्याने दाबला, सोडला आणि बघत राहिल्या. लाली तशीच. मला म्हणाल्या, "दाबल्यावर पांढरं पडलं असतं तर काळजी कमी होती. बेडसोअरची सुरुवात अशीच होते." मग पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवली, दर दोन तासांनी कूस बदलायची असं वहीत लिहिलं, आणि पुढच्या प्रत्येक शिफ्टच्या सिस्टरनी ते पाळलं. जखम झाली नाही. बाबा आता काठी घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जातात. त्या रात्रीपासून मला लॅब नको, वॉर्ड हवा आहे.

आता अडचण. दुसरी डिग्री करणाऱ्यांसाठी आपल्याकडे वेगळी, कमी मुदतीची वाट नाही, एवढं कळलं. बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे सरळ चार वर्षं, आठ सेमिस्टर. माझ्या डिग्रीची सूट शून्य. मायक्रोबायोलॉजीसुद्धा तिसऱ्या सेमिस्टरला पुन्हा आहेच. प्रवेशाला बघतात ते बारावीचे मार्क: इंग्रजी हवं आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ४५ टक्के. माझे ३९, ४७ आणि ६२, म्हणजे ३०० पैकी १४८. काठावर का होईना, बसते. शिवाय सीईटी ही प्रवेश परीक्षा, त्यात याच तीन विषयांबरोबर इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड. अप्पा बळवंत चौकातून बारावीचं फिजिक्स जुन्यात घेऊन आले. मुलगी झोपली की रोज रात्री दहा ते साडेअकरा बसते.

दुसरा पर्याय जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी), तीन वर्षांचा डिप्लोमा. आणि तिसरा नणंदेचा. त्या न्यू जर्सीला असतात. त्यांचं म्हणणं, तिकडे आधीची डिग्री असणाऱ्यांसाठी बारा ते अठरा महिन्यांचा नर्सिंगचा कोर्स असतो, तोच कर.

एका कॉलेजात चौकशीला गेले तर खिडकीतल्या बाईंनी वय ऐकून फॉर्मच आत ओढून घेतला. "लहान मूल आहे ना घरी? मग कशाला?" दुसरीकडे एक गृहस्थ बाहेरच गाठून म्हणाले, सीईटीची भानगड नको, थेट ॲडमिशन करून देतो. घाबरून निघून आले.

मला विचारायचंय ते हे. एक वर्ष वाचवायला जीएनएम करावं का? कॉलेज निवडताना आतल्या माणसाने काय बघितलं असतं? आणि लहान मूल असताना पोस्टिंग, म्हणजे शिकताना हॉस्पिटलात करायच्या ड्यूट्या, निभावतात का? खरं खरं सांगा, धीर देण्यासाठी नको.

प्रतिसाद १

ताई, मी चौतीस वर्षं या क्षेत्रात आहे, त्यातली शेवटची अकरा शिकवण्यात. जीएनएम वाईट नाही. माझ्या हाताखालच्या उत्तमातल्या उत्तम सिस्टर जीएनएम होत्या. पण तुमचा हिशोब चुकतोय. जीएनएम झाल्यावर पुढे पदवी हवी असेल तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षं, म्हणजे झाली पाच. एम.एस्सी. नर्सिंगला आधी नर्सिंगचीच पदवी लागते, तुमची मायक्रोबायोलॉजीची चालणार नाही. ज्यांच्याकडे बारावीला बायोलॉजी नव्हतं त्यांना जीएनएमशिवाय गत्यंतर नसतं. तुमच्याकडे आहे. चार वर्षं द्या.

थेट ॲडमिशनवाल्याकडे पुन्हा फिरकू नका. अभिमत विद्यापीठांची कॉलेजं स्वतःच्या पद्धतीने प्रवेश देतात, पण तीही त्यांच्या कार्यालयातून, पावती घेऊन. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला संलग्न कॉलेज असेल तर सीईटी सेलच्या यादीतूनच जा. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, दोन्हीकडे त्या कॉलेजचं नाव असल्याची खात्री करा. शेवटी रजिस्ट्रेशन महाराष्ट्र कौन्सिलकडे होतं, ते अडलं तर चार वर्षं पाण्यात.

मग इमारत बघू नका, हॉस्पिटल बघा. कॉलेजचं स्वतःचं किमान शंभर खाटांचं हॉस्पिटल हवं, आणि त्या खाटांवर पेशंट हवेत. सकाळी सातच्या सुमाराला बाहेर उभ्या राहा. युनिफॉर्ममधल्या मुली आत जाताना दिसतात का, ओपीडीला रांग आहे का, ते दिसेल. एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला विचारा, "डिलिव्हरी किती बघितल्या? स्वतःच्या हाताने किती केल्या?" ती आकडा पटकन सांगत असेल तर कॉलेज चांगलं. मानसिक आरोग्याची पोस्टिंग कुठे, येरवड्याला का, हेही विचारा. हॉस्टेल सक्तीचं आहे का हे तर तुम्ही सगळ्यांत आधी विचारायला हवं. मूल असलेल्या बाईचं तिथेच अडतं.

प्रतिसाद २

मी स्वतः सत्ताविसाव्या वर्षी पहिल्या वर्षाला बसले, मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. वर्गातल्या मुली अठराच्या. पहिले दोन महिने मला मॅडम म्हणायच्या, नंतर ताई.

निभावतं, पण कुठे जड जातं ते सांगते. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते, क्लिनिकलला मात्र डिग्री मिळण्याआधी १००. मुलगा तापाने फणफणला म्हणून बुडलेला एकेक दिवस मी सुट्टीत भरून दिलाय. सासूबाई तयार आहेत हे फार मोठं आहे. तरी शेजारचं आणखी एक घर हाताशी ठेवा, कारण सासूबाईंनाही ताप येतो.

कागदपत्रं आत्तापासून गोळा करा. पुणे विद्यापीठाचं मायग्रेशन, कॉलेजचा दाखला, डोमिसाइल, आणि मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र. बारावीच्या आणि लग्नानंतरच्या नावात फरक असेल तर विवाह नोंदणी दाखला आणि नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट. माझे त्यातच तीन आठवडे गेले आणि प्रवेशाची एक फेरी हुकली.

मिस्टरांच्या "पुढे काय"साठी: एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३० आहे, ते दार तुमच्यासाठी बंद धरा. राज्य सरकारच्या भरतीत खुल्या गटाला ३८, राखीवला ४३. चौतिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी बाहेर पडलात तरी हातात तीन वर्षं राहतात.

नणंदबाई म्हणतात तो कोर्स खरा आहे. पण त्याला ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स असे विषय आधी झालेले लागतात, आणि आपली तीन वर्षांची पदवी तिथल्या चार वर्षांच्या बरोबरीची धरतील का, हे प्रत्येक ठिकाणी आधी विचारावं लागतं. खर्च आणि व्हिसा वेगळाच. इथून बी.एस्सी. नर्सिंग आणि रजिस्ट्रेशन झाल्यावरही तिकडची लायसन्सची परीक्षा देता येते. माझ्या बॅचच्या दोघी तशाच गेल्या.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. मिस्टरांना दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. त्यांनी वहीत "३८" लिहून त्याभोवती गोल केला. जीएनएमचा विचार सोडला.

शनिवारी सकाळी सातला दोन हॉस्पिटलांसमोर उभी राहणार आहे. हॉस्टेलचं मी खरंच विचारलं नव्हतं, ते सोमवारी फोन करून विचारते. दाखल्यावर माझं नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं आहे, म्हणजे गॅझेटचं कामही आलंच.

एकच विनंती. सीईटीच्या नर्सिंग ॲप्टिट्यूडच्या भागात प्रश्न कसे येतात? गेल्या एक-दोन वर्षांत कुणी परीक्षा दिली असेल, किंवा कुणाच्या मुलीने, तर आठवतील ते चार-पाच प्रश्न इथे लिहाल का? फिजिक्सचं मी बघून घेते.