मुलगा समोर बघितल्याशिवाय चित्रच काढत नाही – मदत हवी आहे (अर्जंट)

ठाकुर्लीची_सई | मंगळवार, रात्री १०:५०
प्लीज कोणीतरी लवकर सांगा, शनिवारच्या आत काहीतरी करायचंय. माझा मुलगा समोर चित्र ठेवलं तर हुबेहूब काढतो, डोरेमॉन म्हणा गणपती म्हणा, क्लासमधे सगळे कौतुक करतात, पण तेच चित्र बाजूला घेतलं आणि म्हटलं आता तुझ्या मनाने काढ की पेन्सिल खाली. काय काढू, मला नाही येत, तू मोबाईलवर दाखव ना. आज तर रडला आणि कागद चुरगाळून टाकला. फारच मागे लागले तर ठरलेलं एकच, दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, खाली नदी, झोपडी, नारळाचं झाड आणि वर मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. अहो आम्ही सातव्या मजल्यावर राहतो, खिडकीतून रेल्वे लाईन दिसते, ती कधी येत नाही त्याच्या चित्रात. काय करू? नवीन क्लास लावू का?

बोरूबहाद्दर | रात्री ११:०५
वय काय? कितवीत आहे? आणि शनिवारी काय आहे ते तर लिहा.

काकू_नाशिककर | रात्री ११:१२
सई, आधी त्याचं हस्ताक्षर कसं आहे बघ. माझ्या पुतण्याचंही असंच होतं, चार रेघी वहीत रोज एक पान शुद्धलेखन सुरू केलं, दोन महिन्यांत हात वळला. रोज रात्री जेवणानंतर बसवायचं, सुट्टी द्यायची नाही.

ठाकुर्लीची_सई | रात्री ११:२०
काकू, हस्ताक्षर चांगलं आहे हो, तो प्रश्नच नाहीये. शनिवारी शाळेत वर्गात बसून "माझी सुट्टी" काढायचंय, कोणाचं न बघता. मला नंबरबिंबर नकोय, फक्त तो तिथे रडू नये.

रानवाट | रात्री ११:३१
क्लास उद्याच्या उद्या बंद करा. मी माझ्या मुलीला दोन वर्षं घातलं होतं अशाच एका क्लासला, दर आठवड्याला फळ्यावर एक चित्र आणि वीस पोरांच्या वहीत तेच चित्र, आकाश निळंच, खोड तपकिरीच. एकदा तिने जांभळं झाड काढलं तर वर फुली मारली. आधी ती मांजर काढायची तर तिच्या पोटातली पिल्लंसुद्धा काढायची, ते सगळं गेलं. नक्कल म्हणजे विष आहे, चित्रं रंगवायची पुस्तकं पण घरातून बाहेर काढा.

जुना_ड्रॉइंग_मास्तर | बुधवार, सकाळी ६:४०
विष वगैरे म्हणू नका. ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आहे. मूल भाषा शिकतं ते ऐकून ऐकूनच ना? मग चित्र बघून बघून शिकलं तर काय बिघडलं? व्हॅन गॉगसारख्या मोठ्या चित्रकाराने १८८७ मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या दोन छापचित्रांवरून तेलरंगात चित्रं केली, पुढे मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसेक केली. त्याला कोणी म्हणालं का नकलाकार? हात तयार व्हायला नक्कल हवीच. या मुलाचा हात तयार आहे ही जमेची बाजू आहे, ती हिणवू नका.

रानवाट | सकाळी ८:१५
सर आदर आहे, पण व्हॅन गॉग तेव्हा चौतीस वर्षांचा होता, स्वतःची ढीगभर चित्रं काढून झाली होती. आणि त्याच्या नकलेतसुद्धा रंग त्याचे स्वतःचे. इथे मूल किती वर्षांचं आहे तेच ताईंनी अजून सांगितलेलं नाही.

गावदेवी४०० | सकाळी ९:०२
एलिमेंटरीची, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेची, तयारी आत्तापासूनच करून घ्या, नंतर पळापळ होते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. मग त्याच्या पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली तर दहावीला ७ मार्क मिळतात, बी ला ५, सी ला ३. माझ्या भाच्याचे टक्के तेवढ्याने वर गेले.

बोरूबहाद्दर | सकाळी ९:१०
अहो पण मूल कितवीत आहे????

ठाकुर्लीची_सई | सकाळी ९:४५
सॉरी सॉरी, ऑफिसला निघताना टाईप करतेय. दुसरीत आहे, सात पूर्ण झाली. एलिमेंटरीला अजून खूप वर्षं आहेत हो. मला फक्त शनिवारचं सांगा.

जुना_ड्रॉइंग_मास्तर | सकाळी १०:२०
सात? मी अकरा-बारा धरून चाललो होतो. मग माझं म्हणणं थोडं बदलतो. या वयात मूल डोळ्याला दिसतं ते काढत नाही, त्याला माहीत असतं ते काढतं. खाली एक जमिनीची रेघ, त्यावर सगळे उभे, आई घरापेक्षा मोठी कारण ती महत्त्वाची, भिंतीच्या आतलं स्वयंपाकघर बाहेरून दिसणार. हे चुकलेलं नसतं, या वयाचं तेच बरोबर असतं. हुबेहूब काढायची ओढ साधारण नऊ-दहानंतर येते. नक्कल वाईट नाही हे माझं मत कायम, पण सातव्या वर्षी नुसती नक्कलच असेल तर गडबड आहे.

तलासरीचा_मास्तर | दुपारी १:३०
जिल्हा परिषद शाळेवर आहे, मुलं बहुतेक वारली आदिवासी. आमच्याकडे उलटंच आहे बघा. वारली चित्रात त्रिकोण, गोल, चौकोन आणि रेघ एवढंच सामान, पिढ्यानपिढ्या तेच, म्हणजे एका अर्थी सगळी नक्कलच. पण त्या सामानात पोरं काय घालतील सांगता येत नाही, कोणी एसटी घालतो, कोणी बोअरवेलची गाडी. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चित्र, पूर्वी सवाशिणीच लिहायच्या, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणलं आणि मासे धरायचं जाळंच्या जाळं काढलं, बारीक बारीक रेघांचं. २०११ ला पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांनी आकार घेतले ते घरातून, पण विषय त्यांचा. आणि शहरातल्या शाळांत वारली म्हणजे काय तर मडक्यावर तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाच, सगळ्यांचा सारखा, ते बघून वाईट वाटतं. तेव्हा ताई, मुलाला "काहीतरी काढ" म्हणू नका आणि "घर काढ" पण नका. घडलेलं विचारा. पाणी आलं नाही त्या दिवशी तू कुठे होतास, हातात काय होतं, कोण ओरडत होतं.

पेन्सिलटोक | दुपारी २:०५
ताई एक विचारते, राग मानू नका. तो चित्र काढतो तेव्हा तुम्ही कुठे बसलेल्या असता आणि खोडरबर कोणाच्या हातात असतो?

काकू_नाशिककर | दुपारी २:३०
खोडरबर चांगल्या कंपनीचा घ्या, काळे डाग पडत नाहीत.

ठाकुर्लीची_सई | रात्री ११:४०
पेन्सिलटोक, दिवसभर तुमचाच प्रश्न डोक्यात होता. मी बाजूलाच बसते. खोडरबर माझ्या हातात असतो. खोटं कशाला बोलू, चार वर्षांचा होता तेव्हा मला हत्ती काढून दे म्हणाला आणि मी काढून दिला, मग रोज मागायला लागला आणि मी देत गेले कारण मला चांगलं काढता येतं आणि त्याला आवडायचं. त्याने काढला की मी म्हणायचे सोंड अशी नसते राजा, थांब, आणि त्याच्याच कागदावर नीट करून द्यायचे. आज जुन्या फायली काढल्या. तीन वर्षांचा असताना त्याने काढलेल्या गोलागोलांच्या खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय "ही आजी पळतेय, दूध उतू गेलं". आणि पहिलीच्या आधीच्या फायलीतच सगळे डोंगर. क्लास तर वर्षभरापूर्वीच लावलाय, म्हणजे क्लासच्या आधीपासूनच. खूप रडले.

पेन्सिलटोक | रात्री ११:५८
अहो रडू नका, मी पण हेच केलंय म्हणून तर विचारलं. आमच्याकडे जे चाललं ते सांगते. पेन्सिल आणि रबर कपाटात, मुलीच्या हातात साधं बॉलपेन दिलं. पहिले दोन दिवस चिडली, मग चुकलेल्या रेघेचंच काहीतरी करायला शिकली. मी वेगळा कागद घेऊन माझं चित्र काढते, तिच्या कागदाला हात लावायचा नाही हा नियम. आणि "हे काय आहे" विचारायचं नाही, "इथे काय चाललंय" विचारायचं. कापडी पिशवीत काहीतरी घालून, लसूण, किल्ली, कंगवा, आत हात घालून चाचपायचं आणि जसं हाताला लागलं तसं काढायचं, ह्याला नमुना समोर नसतोच त्यामुळे बरोबर-चूक पण नसतं.

रानवाट | गुरुवार, सकाळी ७:३०
आणि क्लास? मी अजूनही म्हणते बंद.

जुना_ड्रॉइंग_मास्तर | सकाळी ७:५०
तडकाफडकी काढलं तर मुलाला वाटेल आपलं काहीतरी चुकलं. त्याला हुबेहूब जमतं याचा अभिमान आहे, तो मोडू नका. क्लासच्या बाईंशी बोला. नक्कल करू दे, पण दोन दिवसांनी पुस्तक मिटून तेच आठवून काढायला सांगा, आठवत नाही तिथे तो स्वतःचं घालेल.

रानवाट | सकाळी ८:०४
हे पटलं. फुली मारणार नसतील तर.

लोकल_९१२ | सकाळी ९:३०
विषयाला सोडून, पण बेडशीटवरचे ऑइल पेस्टलचे डाग कसे काढता?

पेन्सिलटोक | सकाळी ९:४१
आधी चमच्याने खरवडा, मग भांड्याचं लिक्विड लावून ठेवा आणि हाताने चोळा. डाग जाईपर्यंत इस्त्री नको.

ठाकुर्लीची_सई | शनिवार, संध्याकाळी ७:१५
सगळ्यांना सांगायचंच होतं. गुरुवारी रात्री मी वेगळा कागद घेऊन बसले आणि त्याला चित्र काढ म्हटलंच नाही. नुसतं विचारलं, आपण मामाकडे चिपळूणला गेलो तेव्हा दिवा स्टेशनहून गाडीत चढलो, तुला आठवतंय? म्हणाला हो, मला काहीच दिसत नव्हतं. म्हटलं मग काय दिसत होतं? म्हणाला पाय. पाय आणि बॅगा आणि एका काकांच्या पिशवीतून कोंबडीची मान. मी गप्प बसले, पेन त्याच्याजवळ होतंच. अर्धा तास.

आज शाळेत तेच काढलं. कागदभर पाय, चपला, एक बूट फाटका, साडीचे काठ, सांडलेली पाण्याची बाटली, खाली कोपऱ्यात कोंबडी. वर कोणाचंही डोकं नाही. शिक्षकांनी विचारलं म्हणे, यात तू कुठे आहेस? तर म्हणाला, मी नाही दिसणार, मी बघतोय ना.

रडला नाही. घरी येऊन पहिलं वाक्य, आई पाय नीट नाही आलेत. तोंडावर आलं होतं की दे मी करते, पण नाही केलं. क्लासच्या बाईंशी पण बोलले, आठवड्यातल्या दोन दिवसांपैकी एक दिवस समोर चित्र न ठेवता बघू म्हणाल्या. चित्र सोमवारी परत मिळणार आहे, फ्रेम करू का?

तलासरीचा_मास्तर | रात्री ८:०५
फ्रेम नको एवढ्यात, मग पुढचं चित्र तो फ्रेमसाठी काढेल. फायलीत ठेवा. मागच्या बाजूला तारीख आणि तो जे बोलला ते वाक्य लिहा. पुढच्या बाजूला नका लिहू.