घामाने डबडबतो, तरी कातडी कोरडी! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ४७, मुक्काम घोडबंदर रोड, नोकरी ऐरोलीत. घरचे हसतात म्हणून इथे लिहितोय. ठाण्यात राहून कोरडी त्वचा? मे महिन्यात तर पंचा दोरीवर टाकेपर्यंत परत घाम फुटतो. पण माझ्या नडगीवरून नख ओढा, पाटीवर खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटते. डिसेंबर-जानेवारीत काळी पँट उलटी करून झटकली की फरशीवर पीठ सांडल्यासारखं दिसतं. चेहरा मात्र तेलकट! गुडघ्यामागची खाच, काख, सगळं ठीक. त्रास फक्त नडग्या आणि दंडांच्या बाहेरच्या बाजूला.

ऑफिसात माझी खुर्ची नेमकी एसीच्या झोताखाली, नऊ तास. सोसायटीत वर्षातले चार महिने टँकर, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. आंघोळ कडकडीत पाण्याने. (ओरडू नका, सवय आहे.) मग देवपूजा, चहा, डबा, आणि निघताना लोशन. ठाण्याहून वाशी लोकल पकडून ऐरोलीला उतरेपर्यंत पाय परत भुरकट.

खोबरेल लावून पाहिलं, चादरींवरून घरात महाभारत झालं. एका क्लिनिकने तीन हजारांचा संच गळ्यात मारला. त्याला वास असा, की लिफ्टमधली माणसं वळून बघतात, आणि भेगांवर आग होते ती वेगळीच.

तर पैसे नक्की कशावर घालू? आणि पाण्याचा दोष किती?

---

सीवूड्सची_काकू: पाण्याचा थोडाफार असेल, पण आधी ती कडकडीत बादली कोमट करा. गरम पाणी आणि साबण मिळून त्वचेतला स्निग्धपणा धुऊन नेतात. साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१० असतो, त्वचेचा ५च्या आसपास. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच, नडग्यांना कशाला? आणि देवपूजेआधी लोशन हो! पंचाने टिपायचं, घासायचं नाही, अंग ओलसर असतानाच लावायचं, तीन-चार मिनिटांच्या आत. तुम्ही तासाभराने लावताय, तोवर अडवायला पाणी उरतंय कुठे?

कोपरीकर: काकूंना +१. पातळ लोशनऐवजी घट्ट, बिनवासाचं क्रीम घ्या. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. नडग्यांना रात्री क्रीमवर जेलीचा पातळ हात फिरवा आणि जुना पायजमा घाला, म्हणजे चादरी वाचतील. खवले जाड असतील तर १० टक्के युरियाचं क्रीम छान काम करतं, फक्त भेगांवर लावू नका, झोंबेल. आणि तेलकट पायांनी बाथरूमच्या फरशीवर जाऊ नका. मी आपटलोय.

घणसोली_लोकल: एक विचारू? हे लहानपणापासून आहे का? वडिलांना होतं का? खवले माशासारखे दिसतात का? तळहातावरच्या रेषा नेहमीपेक्षा जास्त आणि खोल आहेत का, तेही बघा. माझ्या भावाचं अगदी असंच, सांध्यांच्या खाचा मोकळ्या आणि थंडीत जोर. डॉक्टरांनी इक्थिओसिस व्हल्गॅरिस सांगितलं. हा कोरड्या, खवलेदार त्वचेचा आजार घराण्यातून येतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुळापासून जात नाही, पण रोज क्रीम लावलं तर आटोक्यात राहतो. मात्र हे अलीकडेच सुरू झालं असेल तर साखर आणि थायरॉइड तपासून घ्या.

मूळ धागाकर्ता: घणसोलीकर, तुम्ही तर कुंडलीच मांडलीत. अण्णांचे पाय आठवले. दिवाळीच्या अभ्यंगाला आई त्यांच्या नडग्यांना तेल चोळायची आणि "मगर कुठली" म्हणायची. तळहाताचं म्हणाल तर शाळेत असताना एका ज्योतिषाने माझ्या रेषांचं जाळं बघून "कष्ट फार आहेत" असं भविष्य सांगितलं होतं. आईने त्याला अकरा रुपये दिले होते!

मूळ धागाकर्ता (बारा दिवसांनी): कोमट पाणी, देवपूजेआधी क्रीम, रात्री जेली. रेघ अजून उमटते, पण पँटमधलं पीठ बंद. त्वचेच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली आहे.

काल चिरंजीवांना क्रिकेटची पॅड बांधून देत होतो. वय ९. सहज नडगीवरून नख ओढलं.

त्यालाही सोबत नेतोच आहे, पण तोवर लहान मुलाला काय लावू? युरिया चालतं का, की साधं क्रीम आणि जेलीच बरी?