कार्यालयात झाडे ठेवल्याने कामावर खरोखर परिणाम होतो का?

प्रश्न:
आमच्या पुण्यातील कार्यालयाचे नूतनीकरण सुरू असून, भाड्याने कुंड्या घेण्यासाठी व्यवस्थापनाने निधी राखून ठेवला आहे. झाडांमुळे हवा शुद्ध होते, असे पुरवठादार सांगतो. कर्मचाऱ्यांना याचा प्रत्यक्ष लाभ होतो का, की हा निधी अन्य कामी वापरावा?

उत्तर १:
हवा शुद्ध होण्याच्या आशेने कुंड्या घेऊ नयेत. ज्याचा दाखला दिला जातो तो नासाचा १९८९ चा अभ्यास लहान, बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता. कार्यालयात हवा सतत खेळती असते आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, वायुवीजनाने जे साधते तेवढे साधण्यासाठी दर चौरस मीटरला किमान १० झाडे लागतील.

उत्तर २:
हवेबाबत सहमत आहे, परंतु मनावर होणारा परिणाम हा वेगळा विषय आहे. संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, असे आढळले. मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लान यांच्या मते, कामासाठी लक्ष जाणीवपूर्वक एकाग्र करावे लागते व ती शक्ती थकते. हलणारी पाने किंवा सरकणारे ढग मात्र लक्ष सहज वेधतात आणि तेवढ्या वेळात तिला विसावा मिळतो. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना वृक्षोद्यानात फिरून आलेल्यांची स्मरणचाचणीतील कामगिरी सुधारलेली दिसली. गजबजलेल्या रस्त्यावरून फिरून आलेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. माझ्या मते, कुंड्यांच्या संख्येपेक्षा हा विसावा दिवसातून किती वेळा मिळतो, याला अधिक महत्त्व आहे.

उत्तर ३:
मी अनेक वर्षे मनुष्यबळ विभागात काम केले आहे. खिडकीलगतच्या जागा वरिष्ठांच्या केबिनला मिळतात आणि दिवसभर संगणकाच्या पडद्यावर नजर रोखून बसणारे मधल्या रांगांत राहतात, हे मी प्रत्येक ठिकाणी पाहिले व मला ते अन्यायकारक वाटते. नूतनीकरण होतच आहे, तर केबिन आत घ्याव्यात आणि खिडक्या सर्वांसाठी मोकळ्या ठेवाव्यात.

प्रश्नकर्ता:
आराखडा अद्याप अंतिम झालेला नाही. पश्चिमेकडील खिडक्यांतून टेकडी दिसते. तिथे सध्या चार केबिन दाखवल्या आहेत. त्या हलवण्याचा प्रस्ताव सोमवारच्या बैठकीत मांडतो.