नाल्यावर स्लॅब टाकून घरातलं पाणी थांबतं का?

काळीमाती: सकाळपासून सोलापुरात एकच पोस्ट फिरतेय: "नाला तळासकट काँक्रीटचा करा, वरून स्लॅब टाका. वास जाईल, पार्किंग होईल, घरात पाणी शिरणार नाही." पहिले दोन मुद्दे सोडून देतो, तिसरा धादांत चूक.

हिशोब करा. १०० हेक्टरचं पाणलोट, बहुतेक पत्रे, स्लॅब नि डांबर, म्हणून गुणांक ०.७, म्हणजे पडलेल्यातलं ७० टक्के पाणी वाहून येतं. तासाला ६० मिमीच्या वेगानं पाऊस पडला की सेकंदाला ११.७ घनमीटर पाणी येतं. नाला जिथं रस्ता ओलांडतो तिथं खाली काय? ९०० मिमीचे तीन ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचे गोल नळ. १:५०० उतारावर एक पाइप भरून वाहिला तरी सेकंदाला ०.८ घनमीटर. तिन्ही मिळून अडीचसुद्धा नाही. तुंबलेल्या पाण्याच्या दाबानं थोडं जास्त जातं, पण तोवर पाणी उंबरा ओलांडतं. वरचा नाला गुळगुळीत केलात तर ते याच तोंडाशी आणखी लवकर येणार.

शिवाय स्लॅबखाली जेसीबीचं बकेट जात नाही. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतलं सुताचं गुंतवळ पाइपच्या तोंडाशी जाळीसारखं बसतं, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर गाळ. उघड्या नाल्यात ते दिसतं, आकड्यानं ओढता येतं.

आधी पाइप उखडा, ३ बाय २ मीटरचे दोन बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे चौकोनी काँक्रीटच्या मोऱ्या टाका. अर्धे भरले तरी पाणी निघतं. मग नाला: मधे दीड मीटर रुंद, अर्धा मीटर खोल चर, दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरचे सपाट काठ, कडा दोनास एक (दोन आडवे, एक उभा) उताराच्या, त्यावर वाळा. काम खालच्या टोकाकडून वर न्यायचं, उलटं नाही.

शेंगाचटणी: वा! काठावर वाळा, वर बगळे. जागा कुठाय भाऊ? तुमचा नाला वरून १२ मीटरच्या पुढं जातो. काँक्रीटचा साडेतीन मीटर रुंद, १.६ मीटर खोल केला तरी त्याच उतारावर तेवढं पाणी आरामात जातं. बाकीच्या नऊ मीटरातली घरं पाडायला तुम्ही येताय का?

काळीमाती: आकडा बरोबर आहे, नाकारत नाही. अडचणीच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना गॅबियन (दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या) उभे करा, तळ मातीचाच ठेवा. ६ मीटरात बसतं. पण काळ्या मातीत काँक्रीटची भिंत घालताना माती भिजून फुगते हे विसरू नका. दर दीड मीटरला १०० मिमीचं वीप होल (पाणी निचरायचं भोक), मागं खडी नि जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं गाळणकापड). ठेकेदार भोकं ठेवतो, मागं खडीऐवजी तीच काळी माती ढकलतो. मग भिंत आत झुकते.

उंबरठाखाली: नाला-नाला काय लावलंय? निम्म्या घरांत पाणी नाल्यातून नाही, रस्त्यावरून येतं! जुन्या थरावर नवा थर, दर वेळी ५० ते ७५ मिमी. चार वेळा झालं की जोतं रस्त्याखाली.

शेंगाचटणी: विषय नाल्याचा आहे.

उंबरठाखाली: विषय घरातल्या पाण्याचा आहे, शीर्षक वाचा. डांबर टाकण्याआधी मिलिंग करून जुना थर खरवडायचा, एवढंच कलम. ते निविदेत असतं, रस्त्यावर नसतं. त्यात कडेच्या गटाराची तोंडं डांबरानं बुजतात, वर पेव्हर ब्लॉक. सात मीटर रस्त्याला दोन टक्के ढाळ म्हणजे मधोमध ७० मिमी उंची. तो ढाळ गटाराकडं नेला, पण गटाराला तोंडच नाही!

काळीमाती: मग लोक ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडून पावसाचं पाणी त्यात सोडतात. मैल्याची लाइन तेवढ्यासाठी नसते. खालच्या गल्लीत संडासातून उलटं येतं.

शेंगाचटणी: झाकण नाही उघडायचं तर काय, बादलीनं उपसायचं? एसीत बसून सांगू नका.

उंबरठाखाली: तोंडं मोकळी करा, झाकण उघडायची वेळ येणार नाही. तोंडाआड गाळाचा खड्डा ठेवा, तळ पाइपच्या तळापेक्षा ३०० मिमी खाली.

जुनीगिरणी: तिघंही पाऊस पुण्याचा धरून बोलताय. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात. मेमध्ये नालेसफाई केली, गाळ काठावरच ठेवला, की जूनच्या पहिल्या सरीत तो परत आत. ऑगस्टअखेर दुसरी सफाई नसेल तर उत्तरा-हस्तात काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. आदिला नदीच्या काठच्यांनी तर हिप्परगा तलावाच्या सांडव्याचंही पाणी धरायचं. तिथं तुमचे १०० हेक्टर कामाचे नाहीत.

आणि कोणी शोषखड्ड्याचं काढायच्या आत: काळ्या मातीत खड्डा मुरमापर्यंत नेला नाही तर पहिल्या पावसात डबकं होतं. नाल्याचं मैला मिसळलेलं पाणी त्यात सोडायचं नाहीच, छपराचं चालेल.

शेंगाचटणी: ठीकय. कल्व्हर्ट आधी, मान्य. तुमच्या बगळ्यांसकट मान्य. पण अडचणीच्या पट्ट्यात तळही काँक्रीटच हवा, नाहीतर गॅबियनचा पाया खरवडला जाईल.

काळीमाती: पायाखाली दगडी गादी पुढं दीड मीटर काढा, खरवडत नाही. पट्टा किती लांब ते आधी मोजा. टेप ३० मीटरचा आणा, पंधराचा पुरणार नाही.